दोन पेट्यांतील चित्रे

चित्र काढल्याने मुलाचे दुःख हलके होते, असे आपण सहज म्हणून जातो. पण श्रोतेहो, हे कुणी करून पाहिले?

फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही व्हिएन्नाची चित्रकर्ती, वायमारच्या बाउहाउसमध्ये शिकलेली. १९३४ नंतर प्रागमध्ये तिने नाझींच्या भयाने पळून आलेल्या निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकविली. डिसेंबर १९४२ मध्ये तिचीच रवानगी तेरेझीनच्या छावणीत झाली. सामान मोजकेच नेता येई. तिने त्यात चित्रांचे साहित्य भरले.

छावणीत कागद कुठला? कचेरीतले जुने फॉर्म, रद्दी, काहीही चाले. मुलांनी फुले काढली, घरे काढली, छावणीतल्या खाटाही काढल्या. चित्रावर आपले नाव घालायचे, हा तिचा आग्रह. माणसाचा जिथे नंबर होतो, तिथे नाव लिहिणे ही लहानसहान गोष्ट नव्हे!

ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑश्विट्झला नेऊन मारण्यात आले. बहुतेक मुलेही वाचली नाहीत. मागे दोन पेट्या राहिल्या, त्यांत सुमारे ४,५०० चित्रे. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत.

तिची प्रागमधली शिष्या ईडिथ क्रेमर १९३८ मध्ये अमेरिकेस गेली आणि पुढे तिथे चित्रकलेद्वारे उपचाराची पद्धत उभी करणाऱ्यांत गणली गेली.

चित्रांनी जीव वाचले नाहीत, हे खरेच. पण ती मुले कोण होती, हे त्या कागदांवरची नावे अजून सांगतात.