मातीतील पीएफएएस : मर्यादेचा आकडा येतो कुठून?

8 जुलै 2019 रोजी नेदरलँड्सच्या सरकारने मातीच्या वाहतुकीविषयी एक तात्पुरता नियम काढला. पीएफएएस गटातील (मानवनिर्मित, न कुजणारी, फ्लोरिनयुक्त) रसायने किलोमागे 0.1 मायक्रोग्रॅमहून जास्त असलेली माती शेतजमिनीवर किंवा निसर्गक्षेत्रात नेऊन टाकायची नाही. म्हणजे दहा हजार टन मातीत एक ग्रॅम. हा आकडा विषशास्त्रातून आला नव्हता. प्रयोगशाळांना त्याहून कमी प्रमाण खात्रीने मोजता येत नव्हते, एवढेच त्यामागचे कारण. मग मोजणी सुरू झाली आणि देशभर जिकडेतिकडे माती नियमाबाहेर जाऊ लागली. गाळ उपसण्याची, रस्त्यांची, पाया खणण्याची कामे अडली. 30 ऑक्टोबरला बांधकाम व्यावसायिक अवजड यंत्रे घेऊन हेगला धडकले. (नायट्रोजनच्या नियमांचा रागही त्यात होता.) वर्षअखेरीस मर्यादा याच गटातल्या पीएफओएससाठी 0.9 आणि पीएफओएसाठी 0.8 झाली, तर 2020च्या जुलैत अनुक्रमे 1.4 आणि 1.9. वर्षभरात आकडा चौदा ते एकोणीस पट वर सरकला. माती मात्र होती तशीच होती.

सरकार दबावापुढे नमले, असे यावर म्हणता येईल. मला ते अपुरे वाटते. पहिला आकडा ‘किती मोजता येते?’ याचे उत्तर होता, दुसरा ‘देशाच्या मातीत आजच किती आहे?’ याचे. पहिल्यापेक्षा दुसरा प्रश्न नक्कीच शहाणपणाचा. तरीही त्यात एक खोच आहे. शिसे किंवा आर्सेनिक खडकातूनही मातीत येते, म्हणून त्यांच्या पार्श्वपातळीला बऱ्याच अंशी नैसर्गिक म्हणता येते. पीएफएएसचे उत्पादन 1940च्या दशकापासूनचे. त्यांची पार्श्वपातळी म्हणजे जुने, सर्वत्र पसरलेले प्रदूषणच. अशी मर्यादा ‘आणखी बिघडवू नका’ एवढेच सांगते. माती सुरक्षित आहे, असे ती म्हणत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : या मातीतून काय, कुठे जाते? कार्बन-फ्लोरिन बंध निसर्गात जवळजवळ तुटत नसल्याने ही रसायने कुजत नाहीत, फक्त जागा बदलतात. आठ कार्बनांचे पीएफओएस सेंद्रिय कर्बाला आणि मातीच्या पोकळ्यांतल्या हवा-पाण्याच्या सीमेला धरून राहते आणि वर्षानुवर्षे थोडेथोडे झिरपते. आखूड साखळीची संयुगे पाण्याबरोबर भराभर खाली उतरतात, पिकातही सहज चढतात. त्यामुळे एकूण प्रमाण सारखे असलेल्या दोन शेतांपैकी एकाचा धोका विहिरीला असतो, तर दुसऱ्याचा पानातल्या भाजीला. शिवाय प्रयोगशाळेची यादी ठरावीक संयुगांची. यादीबाहेरची पूर्वद्रव्ये हळूहळू त्याच संयुगांत रूपांतरित होतात. म्हणून आजचा अहवाल दहा वर्षांनी खोटा ठरू शकतो, तोही कोणी नवे काही न टाकता.

जर्मनीत रास्टाट आणि बाडेन-बाडेन परिसरात 2013 मध्ये शेतजमिनीत पीएफएएस पसरल्याचे प्रकरण उघड झाले. कागद गिरण्यांचा गाळ मिसळलेले कंपोस्ट शेतांत पसरले गेले होते, आणि हजार हेक्टरांहून अधिक जमीन बाधित निघाली. एवढी माती खरवडून न्यायची तरी कुठे? तिथे प्रशासनाने पिकाची कापणीपूर्व तपासणी सुरू केली. उभ्या पिकाचा नमुना तपासायचा आणि मगच ते बाजारात जाऊ द्यायचे. ताटापुरता हा उपाय मला डच आकड्यापेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण तो मार्गावर पहारा ठेवतो. भूजलाचे काय, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

हे सारे मराठी वाचकाला दूरचे वाटू नये. इटलीतल्या त्रिस्सिनो येथील मितेनी या कारखान्याच्या प्रदूषणाने वेनेतो प्रांतात सुमारे साडेतीन लाख लोकांचे पाणी बाधित झाले. 2018 मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले आणि जून 2025 मध्ये विचेंझाच्या न्यायालयाने या प्रदूषणाच्या प्रकरणात अकरा जणांना दोषी ठरवले. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात विकली जाऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली आहे. तिथली जमीन जांभ्याची, लोहयुक्त आणि आम्लधर्मी. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. डच मातीवर बेतलेला आकडा इथे उसना आणून चालणार नाही. ऋणभारित पीएफएएसना लोहाची ऑक्साइडे काही अंशी धरून ठेवतील, पण मुसळधार पाऊस किती खाली ओढेल, हे इथल्याच मातीवर झिरप्याचे प्रयोग करून कळेल.

मर्यादा नंतर ठरवता येते, चुकली तर डचांसारखी बदलताही येते. आजची पातळी मात्र उद्या मोजता येत नाही. म्हणून लोट्याच्या आसपासची शेते, विहिरी आणि वाशिष्ठी खाडीचा गाळ यांचे नमुने आताच घ्यावेत, त्यांचे निष्कर्ष गावाला वाचता येतील असे मराठीत प्रसिद्ध करावेत आणि नमुन्यांचा एक भाग पुढच्या तपासणीसाठी जपून ठेवावा.