वारणेची तार आणि एसएमएस

परवा ऑफिसात एका क्लायंटच्या नेटवर्कचं एस्टिमेट करत बसलो होतो. तीन पर्याय, तीन रकाने. बेरीज करता करता एकदम वारणानगर आठवलं. कोल्हापूरच्या माणसाचं असं होतंच!

तर मंडळी, साल १९९८. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू केला. कोल्हापूर-सांगलीतली ७० गावं, खर्च अडीच कोटींच्या आसपास. गावच्या केंद्रात कॉम्प्युटर, तिथून फोनलाइनवरून साखर कारखान्याशी जोडणी. बेत मोठा होता: बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी माहिती. पण शेतकऱ्याचे प्रश्न ठरलेले. उसाचं वजन किती भरलं? तोड कधी? खत किती उचललं? बिल किती निघालं?

आता हिशेब बघा. उत्तर दोन ओळींचं. त्यासाठी कॉम्प्युटर, मोडेम, यूपीएस, फोनचं बिल, दुरुस्ती, आणि एवढं करून लाइट गेली की सगळं ठप्प. खरेदी एकदाच होते, खर्च दर महिन्याला येतो.

मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांनी नेमकं हेच हेरलं. सात गावांत आठ महिने त्यांनी कॉम्प्युटरच्या जागी मोबाईल आणि एसएमएस वापरून पाहिले. जुनी सगळी कामं झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही तेच जास्त सोयीचं वाटलं. २००७ साली त्यांनी हे पेपरमध्ये मांडलं.

मग १९९८ ची माणसं चुकली का? मला नाही वाटत. तेव्हा गावात मोबाईलची रेंज कुठे होती? शिवाय एसएमएसवर एक्सेल शिकता येत नाही. गावातल्या एखाद्या पोराने त्या केंद्रात पहिल्यांदा माऊस हातात धरला असेल, तर त्याची किंमत कुठल्या रकान्यात टाकायची?

चूक वेगळीच असते, आणि ती मीही केलीये. दिवसाला चाळीस पावत्या पाठवणाऱ्या एका गोडाऊनला मी लीज्ड लाइन गळ्यात मारली होती. लाइन किती जाड हवी, हे विचारलं. तिच्यातून जाणार काय, हे विचारलंच नाही.

असो. सोमवारी क्लायंटला पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.