धारची एक दिवसाची फेरी

माळव्यातील धार हे नगर पाहावयास येणारा प्रवासी बहुधा सकाळी इंदूरहून निघतो आणि ऊन उतरण्यापूर्वी मांडू गाठण्याच्या घाईत असतो. त्यामुळे धारच्या वाट्याला त्याच्या दिवसातील दोन-तीन तासच येतात. तेवढ्या वेळात गाईड त्याला लाट मशीद, भोजशाला आणि किल्ला ही तीन स्थळे दाखवितो, राजा भोजाच्या चार गोष्टी सांगतो आणि गाडी मांडूच्या रस्त्याला लागते. ही फेरी वाईट आहे असे नव्हे. ज्याला एकच दिवस आहे त्याने आणखी काय करावे? परंतु या फेरीतील मजकूर मुळात कोणी जुळविला आणि नगराचा कोणता भाग तिच्याबाहेर राहिला, हे पाहू गेल्यास धारचा इतिहास निराळाच दिसू लागतो, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा लहान नाही.

महूकडून येणाऱ्यास धारच्या आधी पीथमपूर लागते. १९८० नंतरच्या काळात उभी राहिलेली ही उद्योगनगरी मोटारी आणि औषधे यांच्या कारखान्यांनी भरलेली आहे. वाहनांच्या चाचणीसाठी बांधलेली ११.३ किलोमीटर लांबीची लंबवर्तुळाकार धावपट्टी येथेच २०२१ मध्ये खुली झाली. भोपाळच्या वायुदुर्घटनेतील कारखान्यात पडून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचराही २०२५ च्या जानेवारीत लोकांच्या विरोधाला न जुमानता येथेच आणला गेला आणि जूनअखेरपर्यंत जाळण्यात आला. गाईड याविषयी सहसा बोलत नाही. त्याचे काम धारच्या वेशीपासून सुरू होते.

वास्तविक ती वेसच धारमधील सर्वांत जुनी वास्तू होय. नगराभोवती मातीचा प्रचंड तट आहे. धार मूळची वर्तुळाकार वसविलेली असून तटाच्या बाहेर खंदक आणि तलावांची मालिका होती. हा तट नवव्या शतकाच्या सुमाराचा असावा, म्हणजे भोजाच्याही आधीचा, असे अभ्यासक मानतात. तेराव्या शतकातील एका शिलालेखात धारानगरीचे वर्णन चौऱ्यांशी चौकांची नगरी असे आले आहे. त्या चौकांना कवेत घेणारी रेषा ती हीच. दक्षिणेला आणि पश्चिमेला हा तट पुष्कळसा शाबूत राहिला. उत्तरेला नव्या वस्तीने तो गिळला. उरलेल्या भागातून माती खणून नेणे आणि खंदकात कचरा टाकणे हे प्रकार होत आले आहेत. दगडी इमारतीला कुंपण घातले जाते, फलक लावला जातो, तिकीट आकारले जाते. मातीच्या ढिगाऱ्याला वास्तू म्हणून ओळखण्याची सवय आपल्याला नाही. मुंबई-पुण्याहून सहलीला आलेली माणसे या तटावरून गाडीने जातात आणि आपण चढण चढलो एवढेच त्यांना कळते. याच तटाच्या कडेला शेख चंगाल यांचा दर्गा आहे. तेथील १४५५ चा फारसी शिलालेख नगराच्या मध्ययुगीन इतिहासाचे मोठे साधन आहे. परंतु तेथेही फेरीची गाडी क्वचितच थांबते.

लाट मशिदीपाशी मात्र ती नेमाने थांबते. दिलावरखान घोरी याने १४०५ मध्ये बांधलेल्या या मशिदीत जुन्या मंदिरांचे खांब वापरलेले उघड दिसतात. मशिदीला नाव मिळाले ते लोखंडाच्या लाटेवरून. लाटेचे तीन तुकडे आज आवारात आडवे ठेवलेले आहेत. त्यांची एकत्रित लांबी सुमारे १३ मीटर आणि वजन सुमारे ७ टन भरते. दिल्लीच्या मेहरौली येथील सुप्रसिद्ध स्तंभ उंचीने याच्या जवळजवळ निम्मा आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हा स्तंभ आपल्या राज्यात नेऊ पाहत होता आणि त्या खटपटीत तो पडून मोडला, असे जहांगीर बादशहा आपल्या आठवणींत नमूद करतो. मोठा तुकडा आग्र्यास नेऊन पित्याच्या समाधीपाशी त्याचा दीपस्तंभ करावा, असे खुद्द जहांगिराच्याही मनात आले होते. दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेल्या अकबराचा लेख या लोखंडावर कोरलेला आहे. ज्याने त्याने आपली खूण करावी किंवा उचलून न्यावे, असा हा स्तंभ. तथापि तो मुळात कोणी आणि कशासाठी उभारला हे सांगणारा एकही लेख त्यावर नाही. गाईडने हा स्तंभ भोजाचा विजयस्तंभ म्हणून सांगितला तर तो रूढ समज आहे, पुरावा नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

भोजशाला येथे समज आणि पुरावा यांतील हे अंतर अधिक नाजूक होते. कमाल मौला यांच्या दर्ग्यालगतची ही खांबांची इमारत विसाव्या शतकाच्या आरंभी ‘भोजशाला’ या नावाने विद्वानांच्या लेखनात रूढ झाली. ते नाव रुजविण्यात धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे अधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांचा हात मोठा होता. १९०२ च्या अखेरीस व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांची धार-मांडूला भेट झाली आणि संस्थानचे लक्ष जुन्या इमारतींच्या डागडुजीकडे वळले. त्याच वर्षी कॅप्टन बार्न्स या इंग्रज अधिकाऱ्याने स्थलदर्शनास येणाऱ्यांसाठी धार आणि मांडू यांवर छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे १९०३ मध्ये लेले यांना या इमारतीच्या भिंतीत आतल्या बाजूस तोंड करून बसविलेल्या शिळा आढळल्या. त्यांवर एक संस्कृत नाटिका कोरलेली निघाली: परमार राजा अर्जुनवर्मा याचा राजगुरू मदन याने रचलेली ‘पारिजातमंजरी’. चार अंकांपैकी दोनच अंक हाती आले. चौऱ्यांशी चौकांच्या नगरीचा उल्लेख याच नाटिकेच्या प्रस्तावनेत आहे, आणि तिचा प्रयोग शारदादेवीच्या मंदिरात व्हावयाचा होता असेही तेथे म्हटले आहे. जर्मन पंडित हुल्च यांनी हा लेख ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केला आणि धारचे नाव जगभरच्या संस्कृतज्ञांपर्यंत पोचले. त्याच इमारतीत प्राकृतातील कूर्मस्तवने आणि व्याकरणाचे सर्पबंधही आहेत. लेले यांनी पुढे कॅप्टन ल्युअर्ड यांच्यासमवेत परमार घराण्याचा इतिहास इंग्रजीत लिहिला, तो १९०८ मध्ये निघाला. आणि शिवराम काशिनाथ ओक यांच्या जोडीने पवार घराण्याविषयी मराठीत लेखन केले.

आज गाईड जे सांगतो त्याचा बराचसा कच्चा माल या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या टिपणांतून आलेला आहे. गाईडला हे ठाऊक नसते, आणि त्यात त्याचा दोष नाही. कोणत्याही फलकावर लेले यांचे नाव ठळक दिसत नाही. परंतु टिपणातील जपून मांडलेला तर्क तोंडोतोंडी फिरत शेवटी ठाम विधान कसा होतो, याचे धार हे बोलके उदाहरण आहे. ब्रिटिश म्युझियममधील मूर्तीचीच गोष्ट पाहावी. ती भोजशालेतून नेलेली वाग्देवी, असे प्रवाशास सांगितले जाते. मूर्ती १८७५ मध्ये नगरातील राजवाड्याच्या पडझडीत सापडली. तिच्या पायथ्याशी १०३४ चा लेख आहे. त्याच्या अभ्यासकांनी लावलेल्या वाचनानुसार, वररुची नावाच्या भोजाच्या अधिकाऱ्याने आधी वाग्देवीची मूर्ती करविली आणि त्यानंतर ही अंबिकेची. म्हणजे भोजाच्या धारेत वाग्देवीची मूर्ती होती हे याच दगडावरून सिद्ध होते. मात्र हा दगड ती मूर्ती नव्हे. इतकी साधी आणि खरे तर अधिक रंजक गोष्ट फेरीत बसत नाही. इमारतीवरील हक्काचा वाद जुना आहे. २००३ च्या पुरातत्त्व खात्याच्या व्यवस्थेनुसार मंगळवारी हिंदूंनी पूजा आणि शुक्रवारी मुसलमानांनी नमाज, अशी विभागणी ठरली. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने खात्याने इमारतीची नव्याने पाहणी केली. वादाचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम. शिळांवर कोरलेली नाटिका वाचणे हे वाचकाचे.

किल्ल्यात शिरताना मराठी प्रवाशाचे कान टवकारले पाहिजेत. तांबड्या दगडाचा हा किल्ला मुहम्मद तुघलकाच्या काळातला, चौदाव्या शतकाच्या मध्याचा. राघोबादादांच्या पडत्या काळात त्यांची पत्नी आनंदीबाई येथे आश्रयाला आली, आणि १० जानेवारी १७७५ रोजी या किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. खरबुजा महाल म्हणून जी घुमटी इमारत दाखवितात तीच ती जागा, असे सांगतात. खंडेराव पवारांनी राघोबांचा पक्ष उघड घेतल्याने किल्ल्याला वेढा पडला, आणि आई व मूल स्वाधीन केल्यावरच तो उठला. पेशवाईचा शेवटचा धनी वेढ्यात जन्मला, ही गोष्ट एखाद्या कादंबरीकाराने रचली असती तर समीक्षकांनी तिला ओढूनताणून आणलेली म्हटले असते. १८५७ मध्ये बंडवाल्यांनी हा किल्ला घेतला. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात इंग्रजी फौजेने त्यावर तोफा डागल्या. आतले लोक रातोरात निसटले. शिक्षा मात्र संस्थानाला झाली. ते जप्त करण्यात आले आणि १८६० मध्ये बेरसिया परगणा वगळून तिसऱ्या आनंदराव पवारांना परत मिळाले.

पवारांचे राज्य त्याआधीही एकदा बुडता बुडता वाचले होते. यशवंतराव पवार पानिपतावर पडले. त्यानंतरच्या घसरणीत १८०७ मध्ये दुसरे आनंदराव वारले तेव्हा त्यांची पत्नी मैनाबाई गरोदर होती. ती मांडूला गेली आणि तेथे तिला पुत्र झाला. तोतया हक्कदार, शिंदे-होळकरांच्या फौजा आणि पेंढारी या साऱ्यांना तोंड देत तिने गादी राखली. मूल पुढे दगावले, तेव्हा तिने बहिणीचा मुलगा दत्तक घेतला. १८१९ च्या जानेवारीत इंग्रजांशी तह झाला तेव्हा धार शहराखेरीज राज्याच्या हातात फारसे काही उरले नव्हते. पण ते शहर उरले होते, आणि जॉन माल्कम यांनी आपल्या ग्रंथात तिच्या कर्तबगारीची नोंद घेतली आहे. मैनाबाईचे नाव मात्र फेरीत क्वचितच घेतले जाते. परमार मुंजराजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुंजसागर तलावाच्या परिसरात पवार राजांच्या छत्र्या आहेत. गाईडने विचारल्याखेरीज त्या दाखविल्या तर प्रवाशाने त्याला चार पैसे अधिक द्यावेत. परमार राजाचा तलाव आणि आपल्याला परमारांचे वंशज म्हणविणाऱ्या मराठी पवारांच्या छत्र्या यांचा असा शेजार दुसरीकडे सहज पाहावयास मिळणार नाही. संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले.

इंदूरहून येणे ही आजची सोय. दक्षिणेकडील माणूस पूर्वी या प्रदेशात नर्मदेकडून शिरत असे. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांची फौज नर्मदा ओलांडूनच माळव्यात आली, आणि धारच्या पश्चिमेस अमझेऱ्यापाशी मोगल सुभेदार गिरधर बहादूर तिच्याशी लढताना पडला. उदाजी पवार त्या मोहिमेत होते. धार संस्थानचा नर्मदाकाठचा परगणा म्हणजे धरमपुरी. तेथून विंध्याची चढण चढून आधी मांडू आणि मग धार पाहिली, म्हणजे फेरी उलट दिशेने केली, तर मराठ्यांना हा मुलूख ज्या क्रमाने दिसला त्याच क्रमाने तो दिसेल. धरमपुरीसमोर नदीच्या पात्रात बेंट नावाचे बेट असून त्यावर बिल्वामृतेश्वराचे देऊळ आहे. सरदार सरोवराच्या बुडिताची जी यादी मध्य प्रदेशात वर्षानुवर्षे चर्चेत राहिली तिच्यात १९२ गावे आणि एक शहर होते. ते शहर धरमपुरी. धरण २०१७ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात प्रथमच पूर्ण पातळीपर्यंत, १३८.६८ मीटरपर्यंत, भरले. सकाळी बेंटापासून निघालेल्या प्रवाशाला दुपारी मांडू आणि दिवस कलताना धारचा पश्चिमेचा मातीचा तट गाठता येतो. त्या तटावर चढावयास तिकीट नाही, आणि गाईडही लागत नाही.