पाया बुजण्याआधीची नोंद

१८३६ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टल आणि बाथ या शहरांदरम्यान ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या बोगद्यांचे काम निघाले. कंत्राट विल्यम रेंजरचे, मुख्य अभियंता इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल. काम सुरू झाले आणि रेंजरची पंचाईत झाली. आतला दगड अपेक्षेपेक्षा फार कठीण असल्याची त्याची तक्रार होती. काम रखडले, पैसा अपुरा पडू लागला. १८३८ मध्ये कंपनीने त्याच्याकडून काम काढून घेतले आणि साइटवरची अवजारे व सामानही करारातल्या अटीनुसार ताब्यात घेतले. रेंजर कोर्टात गेला. चाचणीसाठी खणलेल्या खड्ड्यांवरून कंपनीने दगडाची खोटी कल्पना दिली, हा त्याचा एक आरोप. ज्याने त्याच्या कामाची किंमत ठरवायची तो ब्रुनेल स्वतःच कंपनीचा भागधारक, हा दुसरा.

अंतिम निकाल यायला १८५४ साल उजाडले. हाऊस ऑफ लॉर्ड्सने दोन्ही आरोप फेटाळले. जमिनीची खात्री कंत्राटदाराने स्वतः करून घ्यायची होती. अभियंता हा कंपनीचाच माणूस आहे, हेही ठाऊक असताना त्याने करारावर सही केली होती.

जमीन सांगितली तशी निघाली नाही, उशीर कोणामुळे झाला, मोजमाप कोणाचे खरे, अभियंता कोणाच्या बाजूचा: बांधकामाच्या धंद्यातले आजचे बहुतेक वाद या एका खटल्यात भेटतात. पैसा मालकाचा असतो. तो मालक कधी रेल्वे कंपनी, कधी नगरपालिका, तर कधी धरण बांधणारे सरकार, म्हणजे अखेर करदाता. अवाजवी दाव्यांपासून या पैशाचे रक्षण कसे करायचे, हा प्रश्न रेल्वेपेक्षा कितीतरी जुना आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणाचा पहिलाच अध्याय कारागिरांपासून लोकांचे रक्षण करण्याविषयी आहे. मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात प्रसिद्ध केलेल्या र. पं. कंगले यांच्या चिकित्सक आवृत्तीमुळे हा ग्रंथ अभ्यासकांच्या हाती नीट आला. अध्यायात विणकर, परीट, सोनार येतात. पण त्यातले नियम आजच्या कंत्राटातही शोभतील. जागा, मुदत आणि काम आधी ठरवून घ्यायचे. मुदत टळली तर मजुरीचा चौथा हिस्सा कापायचा आणि त्याच्या दुप्पट दंड करायचा. सांगितल्याहून वेगळे काम केले तर मजुरी बुडाली, वर दंड. मात्र आपत्ती कोसळून नुकसान झाले असेल तर त्याची भरपाई कारागिराकडून मागायची नाही.

रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हिअसने इफेसस शहराचा असाच एक जुना कायदा नोंदवून ठेवला आहे. सार्वजनिक इमारतीचे काम घेणाऱ्या वास्तुविशारदाने आधी खर्चाचा अंदाज द्यायचा आणि काम पुरे होईपर्यंत आपली मालमत्ता तारण ठेवायची. अंदाजापेक्षा खर्च पाव हिश्श्यापर्यंत वाढला तर वाढीव पैसे सरकारी तिजोरीतून मिळत. त्यापलीकडची वाढ त्याच्या मालमत्तेतून वसूल होई.

या दोन्ही व्यवस्थांचा भर दंडावर आणि तारणावर आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज मालकांनी तोच भर करारातल्या कलमांवर दिला आणि न्यायालयांनी बऱ्याचदा त्यांना साथ दिली. लंडनचा ब्लॅकफ्रायर्स पूल १८६९ मध्ये खुला झाला. पायासाठी नकाशात दाखवलेली पाणी अडवणारी लोखंडी पेटी थेम्स नदीत टिकेना. पद्धत बदलावी लागली, वेळ आणि पैसा वाया गेला. कंत्राटदार थॉर्न याने भरपाई मागितली. १८७६ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की, नकाशाप्रमाणे काम होईलच अशी हमी मालकाने दिलेली नव्हती. ते तपासणे कंत्राटदाराचे काम होते. त्याआधी १८७३ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलो रेल्वेच्या कंत्राटदारांनी, मातीकाम अभियंत्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाले आणि त्याने तोंडी भरवसा दिला होता, असे म्हणून जादा पैसे मागितले. ठोक रकमेचा लेखी करार तोंडी बोलण्याने बदलण्याचा अधिकार अभियंत्याला नव्हता, म्हणून तेही हरले.

पण नुसत्या कलमांच्या जोरावर मालकाला कायम जिंकता आले नाही, आणि ते योग्यच झाले. रेंजरशी लढणाऱ्या त्याच ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर ह्यू मॅकिन्टॉश या मोठ्या कंत्राटदाराचे पैसे थकवल्याचा दावा होता. १८४० मध्ये तो वारला. त्याच्या मुलाने लढा पुढे नेला. अभियंत्याने प्रमाणपत्रच दिले नाही, म्हणून देणे लागत नाही, असा कंपनीचा पवित्रा होता. प्रमाणपत्र स्वतःच अडवून ठेवायचे आणि मग त्याच्या अभावाआड लपायचे, हे न्यायालयाने चालू दिले नाही. १८६५ मध्ये निकाल मॅकिन्टॉशच्या वारसांच्या बाजूने लागला. कलम कितीही कडक असले तरी केलेले काम आणि त्याचा दर यांचा हिशेब कधी ना कधी द्यावा लागतो, हे कंपनीला २५ वर्षांनी कळले.

भारतात याच काळात वेगळी, कमी गाजलेली आणि जास्त उपयोगी गोष्ट रुजत होती. डलहौसीच्या कारकिर्दीत, १८५४ च्या सुमारास, सैनिकी मंडळाकडची बांधकामे काढून सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले. पुढे या खात्याच्या नियमांतून एक साधी वही घडत गेली. अधिकृत नाव मोजमाप पुस्तिका. साइटवर मात्र ओव्हरसियरपासून मुकादमापर्यंत सगळे तिला ‘एमबी’च म्हणतात.

ही वही जवळून पाहण्यासारखी आहे. पाने आधीच क्रमांक घातलेली, एकही फाडायचे नाही. नोंद शाईने आणि शक्यतो जागेवरच करायची. लांबी, रुंदी, खोली आणि गुणाकार वेगवेगळ्या रकान्यांत. चूक झाली तर खोडरबर चालत नाही. जुना आकडा वाचता येईल अशी आडवी रेघ मारून नवा आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. मोजणी कंत्राटदाराच्या किंवा त्याच्या माणसाच्या समोर, खाली त्याची मान्यतेची सही. वरिष्ठ अधिकारी काही मोजमापे पुन्हा घेऊन पडताळतो. या वहीत नोंद नसेल तर बिल निघत नाही, आणि वही हरवली तर चौकशी लागते.

सगळ्यात महत्त्वाचा नियम झाकल्या जाणाऱ्या कामाचा. पायाचा खड्डा काँक्रीटने बुजण्याआधी, सळया स्लॅबमध्ये गडप होण्याआधी मोजणी व्हायलाच हवी. भरावाची माती जिथून काढतात त्या खड्ड्यात मधेमधे मातीचे छोटे खांब न खणता सोडून देतात. खोदाई किती खोल झाली ते त्यांच्यावरून मोजतात आणि मोजणी झाली की तेही काढून टाकतात. खडक किती लागला, पाणी किती उपसले, भराव किती घातला यावरचे फुगवलेले दावे पुढे पाच-दहा वर्षांनी उभे राहतात, तेव्हा जमिनीत डोकावून पाहता येत नाही. दोघांच्या सहीचे पान तेवढे उलगडता येते. म्हणूनच ही वही मालकाला वाचवते, तशी प्रामाणिक कंत्राटदारालाही वाचवते.

कायद्यानेही हा तोल धरला. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या ७० व्या कलमाप्रमाणे कोणी फुकट न करता दुसऱ्यासाठी काम केले आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. बंगालच्या नागरी पुरवठा खात्यासाठी आरामबाग येथे एका कंत्राटदाराने गोदामे उभारली. घटनात्मक रीतीने करारच झालेला नसल्याने पैसे मिळणार नाहीत, असे सरकार म्हणाले. १९६१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कंत्राटदाराला मोबदला मिळवून दिला. उलट त्याच्या आदल्याच वर्षी, सैन्याला तूप पुरवणाऱ्या अडत्यांनी युद्धामुळे खर्च वाढला म्हणून ठरल्याहून जास्त मागितले, तेव्हा लवादाने दिलेली रक्कम त्याच न्यायालयाने रद्द केली. महागाई झाली एवढ्यावर करार मोडत नाही.

महाराष्ट्रात या इतिहासाला आपला रंग आहे. सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांत ‘बी-१’ निविदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिच्या ३० व्या कलमानुसार वादात अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम. हे कलम म्हणजे लवादाचा करार आहे का, यावर वर्षानुवर्षे खटले झाले. तसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. तरी खरी गळती अनेकदा न्यायालयाच्या बाहेरच होते. अंदाजपत्रकाच्या कितीतरी टक्के ‘बिलो’ जाऊन काम घ्यायचे, मग जादा बाबी, वाढीव अंतरावरून आणलेली माती, मुदतवाढ आणि भाववाढ यांतून तूट भरून काढायची. सिंचन प्रकल्पांच्या सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे ‘सुप्रमा’, २०१२ नंतर गाजल्या आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या पथकाने त्यांची चौकशी केली, तेव्हा प्रकल्पांची किंमत दावा न करताही कशी फुगते हे साऱ्या राज्याने पाहिले.

मुंबईतल्या माहूल येथील सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचा वाद २०२३ मध्ये संपला. उशिरामुळे कार्यालयीन खर्च वाढला आणि नफा बुडाला म्हणून लवादाने कंत्राटदाराला मोठी रक्कम दिली होती. एकच नुकसान दोनदा धरले आहे आणि प्रत्यक्ष तोट्याचा पुरावा नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. सूत्रात आकडे घालून तोटा काढता येतो, पण तो झाला हे हिशेबाच्या वह्यांतूनच दाखवावे लागते.

जून २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सरकारी कंत्राटांत लवादाचे कलम साधारणपणे १० कोटी रुपयांखालच्या वादांपुरतेच ठेवावे, अशी सूचना काढली. लवादाचे निवाडे महाग पडतात, हे त्यामागचे एक कारण. पण वाद दिवाणी न्यायालयात गेला तरी पुरावा तोच लागणार. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या १९९९ च्या नमुना कराराने म्हणूनच वेगळा उपाय केला: अडचण कळल्यापासून २८ दिवसांत कंत्राटदाराने लेखी कळवले नाही तर त्या दाव्याचा हक्क जातो. वेळेत कळले तर मालकाला जागेवर जाऊन पाहता येते, उपाय करता येतो, नोंद ठेवता येते.

हे शहाणपण अजून एका मोठ्या वर्गापर्यंत पोचलेले नाही. आयुष्यभराची पुंजी आणि बँकेचे कर्ज घालून गावाकडे किंवा शहराच्या कडेला घर बांधणाऱ्या कुटुंबाकडे एमबी नसते. २०१६ चा रेरा कायदा बिल्डरकडून सदनिका घेणाऱ्यासाठी आहे. स्वतःच्या प्लॉटवर गुत्तेदाराकडून घर बांधून घेणाऱ्याचे वाद त्यात बसत नाहीत. ‘काळा दगड लागला, पाया दोन फूट खाली न्यावा लागला’ असे सांगून जादा पैसे मागितले जातात, तेव्हा पाया बुजलेला असतो. या कुटुंबाने करावे ते बांधकाम खात्याचे नियम पूर्वीपासून सांगत आले आहेत. दर आधी लिहून घ्यावेत, जादा कामाला सुरुवातीपूर्वी लेखी होकार असावा, काँक्रीट ओतण्याआधी दोघांनी मिळून टेप लावावी, आकडे तारखेसह वहीत घालून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि खड्ड्यात टेप धरलेला फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा.