चालतंय ना, मग बदलायचं कशाला?

उन्हाळ्याच्या तोंडावर गाडी गॅरेजला नेली होती. सेकंडहँड घेतलेली, अकरा वर्षांची, एक लाख दहा हजार मैल पळालेली. तक्रार काहीच नव्हती, फक्त ऑइल बदलायचं होतं. मेकॅनिकने बॉनेट उघडून टॉर्च मारला आणि यादीच वाचून दाखवली: वॉटर पंप, थर्मोस्टॅट, वरचा आणि खालचा होज पाइप, कूलंटची प्लॅस्टिकची टाकी, रेडिएटर, शिवाय पंखा आणि तापमानाचा सेन्सर. मी विचारलं, "यातलं बिघडलंय काय?" तो म्हणाला, "अजून काहीच नाही."

आता आम्ही पडलो बोरघाट बघत वाढलेली माणसं. शिंग्रोबाच्या देवळापाशी बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या गाड्या आमच्या लहानपणी रोजच्याच होत्या. ड्रायव्हर ओलं फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण सैल करायचा, वाफ ओसरू द्यायचा, डब्यातलं पाणी ओतायचा आणि गाडी पुन्हा घाट चढायला लागायची. न बिघडलेला पंप फेकून द्या असं त्या ड्रायव्हरला कुणी सांगितलं असतं, तर त्याने वेड्यातच काढलं असतं. मग हा मेकॅनिक मला फसवत होता का? घरी येऊन वाचायला बसलो, तेव्हा उत्तर मोटारीच्या इतिहासातच सापडलं.

१८८६ साली कार्ल बेंझने पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीत आजच्यासारखा रेडिएटर नव्हताच. सिलिंडरभोवतीचं पाणी उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. गाडी उकळणं हा बिघाड नव्हता, तीच थंड करायची पद्धत होती! ती काही वाईट नव्हती. एक लिटर पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ सातपट उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. अडचण एकच, पाणी सतत भरत राहावं लागायचं. १८८८ साली बेंझची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. शंभर किलोमीटरहून जास्त अंतर. त्या प्रवासात वाटेत मिळेल तिथे पाणी भरत जावं लागलं.

हे कोडं सोडवलं विल्हेल्म मायबाखने. १९०१ साली रेसमध्ये गाजलेल्या पहिल्या मर्सिडीजसाठी त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या आणि मागे पंखा. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवून थंड करायचं, म्हणजे पाणीही कमी लागायचं. आजचा रेडिएटर हा त्याचाच नातू.

हेन्री फोर्डने मात्र सोपा मार्ग धरला. १९०८ साली आलेल्या मॉडेल टी गाडीच्या सुरुवातीच्या काही हजारांत वॉटर पंप होता, पुढे तो काढूनच टाकला. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, गार पाणी खाली उतरतं, एवढ्यावर काम भागवलं. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. पंपच नाही तर पंप बिघडणार कसा? पण चढावर त्या उकळायच्या. अमेरिकेच्या वाळवंटात लोक गाडीच्या पुढे कॅनव्हासच्या पाण्याच्या पिशव्या टांगून निघायचे. म्हणजे आपला बोरघाट इथेही होता. एकूण हिशेब असा की गाडी उकळण्याआधी सूचना द्यायची, उकळली तर बहुतेक वेळा पाण्यावर भागायचं, आणि नुकसान व्हायचं ते वेळेचं. अशा गाडीला 'चालतंय तोवर चालू द्या' हेच शहाणपण होतं.

मग इंजिनं जोरकस होत गेली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इथिलीन ग्लायकॉल कूलंट म्हणून बाजारात आलं. ते निम्मं पाणी मिसळून घातलं तर उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. १९३०च्या दशकात मेणाच्या गोळीवर चालणारा थर्मोस्टॅट आला. मेण वितळलं की फुगतं आणि झडप उघडतं, बस. त्यानंतर रेडिएटरला दाब धरणारं झाकण बसलं. हे तत्त्व आपल्याकडे प्रत्येक स्वयंपाकघरात शिट्ट्या देतं. आजच्या गाडीतला दाबही साधारण कुकरएवढाच असतो. या दाबामुळे कूलंट १२९ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. इंजिन जास्त गरम ठेवता येतं, पेट्रोल वाचतं, रेडिएटर लहान होतो. पण कुकर झाला म्हणजे त्याची टाकी, होज आणि रबरी रिंगा सतत ताणाखाली आल्या.

शेवटचा घाव घातला तेलाने. १९७३ साली अरबांनी तेल अडवलं, आणि १९७५ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून कंपन्यांना सरासरी मायलेज वाढवायला लावलं. १९८५ पर्यंत गॅलनला साडेसत्तावीस मैल! गाडीचं वजन उतरवण्याची घाई सुरू झाली. तांब्या-पितळेच्या रेडिएटरची जागा हळूहळू ॲल्युमिनियमच्या जाळीने घेतली. तिच्या दोन्ही टोकांना काचतंतू घातलेल्या नायलॉनच्या टाक्या, रबरी गॅस्केटवर आवळून बसवलेल्या. पितळी रेडिएटर गळला तर कोपऱ्यावरचा कारागीर त्याला डाग देऊन परत करायचा. नायलॉनला डाग देता येत नाही. वर्षानुवर्षं गरम-गार होऊन ते ठिसूळ होतं आणि एके दिवशी शिवणीवर उलतं.

मला वाटतं, इथे सगळा हिशेब उलटा झाला. टाकी फुटली की दाबाखालचं कूलंट बघता बघता बाहेर पडतं. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच नीट वाचतो. तो कोरडा पडला तर काटा शांत राहू शकतो आणि वर ॲल्युमिनियमचं सिलिंडर हेड वाकत असतं. पूर्वीचा बिघाड सावकाश आणि स्वस्त होता. आताचा अचानक आणि महाग आहे.

बघून ओळखावं म्हटलं, तर तेही कठीण. रबरी होज बाहेरून चांगला दिसत असला तरी आतून चिरत जाऊ शकतो. गेट्स या अमेरिकन कंपनीच्या अभियंत्यांनी याचं कारण शोधलं. इंजिन आणि रेडिएटरचे धातू आणि मधलं कूलंट यांची नकळत एक बॅटरी तयार होते, आणि त्या क्रियेने रबराला आतल्या बाजूने, विशेषतः टोकांजवळ, बारीक चिरा पडतात. म्हणून इंजिन गार असताना क्लॅम्पजवळ होज दाबून बघायचा. तिथे तो मधल्या भागापेक्षा मऊ लागला, तर त्याचे दिवस भरले.

मग सगळंच बदलायचं का? इथे मदतीला आली विमानं. बरीच वर्षं विमान कंपन्या ठरावीक तास भरले की भाग सोडवून ओव्हरहॉल करायच्या. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी १९७८ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. त्यांच्या आकडेवारीत फक्त ११ टक्के भाग असे निघाले, जे वय वाढेल तसे जास्त बिघडतात. उरलेल्या ८९ टक्क्यांना वयाची मर्यादा घालून फायदा नव्हता. उलट कित्येक भाग नवे असतानाच जास्त बिघडत होते. म्हणजे न बिघडलेली वस्तू बदलणं हेही निर्धोक नाही.

हा अहवाल डोक्यात ठेवून मेकॅनिकची यादी पुन्हा वाचली. प्रत्येक भागाला तीन प्रश्न विचारले: हा वयाने झिजतो का? बिघडण्याआधी मला दिसेल का? बिघडला तर किती महाग पडेल? होज, प्लॅस्टिकची टाकी, रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पंपाचं सील हे सगळे या परीक्षेत बदलण्याच्या बाजूला गेले. पंखा आणि सेन्सर तपासता येतात, म्हणून ते राहू दिले. पंप टायमिंग बेल्टच्या मागे आहे, तेव्हा बेल्टही त्याच वेळी बदलला, कारण मजुरी एकच. अमेरिकेत भागापेक्षा मजुरी भारी पडते. आपल्याकडे हात स्वस्त आणि वळणावळणावर गॅरेज, म्हणून 'चालतंय तोवर' हा आपल्या लोकांचा आळस नव्हता, तो बरोबर हिशेब होता. फक्त तो पितळी रेडिएटरच्या गाडीचा होता.

इथला हिशेब वाळवंटात कळतो. लॉस एंजेलिसहून लास व्हेगासला जाताना बेकर नावाचं गाव लागतं. तिथे १३४ फूट उंच थर्मामीटर उभा केलाय, कारण जवळच्या डेथ व्हॅलीत १९१३ साली १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ सेल्सियस तापमान नोंदलं गेलं होतं. गावापुढे लांबच लांब चढ सुरू होतो आणि एसी बंद करा अशा पाट्या लागतात. जुलैत आम्ही तो चढ चढलो. मागच्या सीटवर मुलं झोपली होती. काहीच झालं नाही.

काढलेले भाग मी मेकॅनिककडून मागून आणले होते. टाकीच्या शिवणीवर केसाएवढी रेघ होती, पंप मात्र ठणठणीत दिसला. कदाचित अजून तीन वर्षं चालला असता. ते आता कधीच कळणार नाही, आणि या उद्योगात हीच रुखरुख कायम राहते. नेम बरोबर लागला याचा पुरावा म्हणजे काहीही न घडणं.

तुमच्याकडच्या आजच्या गाड्याही याच जातीच्या आहेत. जुनी गाडी घेतली असेल तर रेडिएटर आणि होज कधी बदलले, ते विचारून ठेवा. आणि एक्सप्रेसवेवर काटा वर गेला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. ते गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नका. बोरघाटातल्या ड्रायव्हरचं ते ओलं फडकं आता कामाचं नाही.