बोरूपासून डिजिटल पेनपर्यंत

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती माझ्याकडे उर्दू शिकली. खत्तातीचा, म्हणजे सुलेखनाचा, नाद तिला तेव्हापासूनचा. आता ती ॲनिमेशनचा कोर्स करतेय. ग्राफिक्स टॅबलेटसाठी अब्बांनी दहा हजार रुपये बाजूला काढलेत आणि त्यात आणखी भर पडणार नाही. दुकानदार म्हणतो, ८१९२ प्रेशर लेव्हलवाला घ्या. तिने विचारलं, "सर, या आकड्याला खरंच एवढं महत्त्व आहे का?"

मी भाषेचा शिक्षक. पण प्रश्न बोरूचा होता, म्हणून या यंत्राचा इतिहास चाळत बसलो.

हाताची हालचाल यंत्राला कळवायची धडपड संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेत एलिशा ग्रे यांनी १८८८ मध्ये टेलऑटोग्राफचं पेटंट घेतलं. एका टोकाला माणूस लिहायचा आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला यंत्रातलं पेन तेच अक्षर उमटवायचं. संगणकावर रेखाटन आलं ते १९६३ मध्ये, एमआयटीत इव्हान सदरलँड यांच्या 'स्केचपॅड'मुळे. तिथे प्रकाश टिपणारं पेन थेट उभ्या पडद्यावर धरावं लागे. भिंतीवरच्या फळ्यावर तासभर लिहिणाऱ्या आम्हा मास्तरांना विचारा, खांद्याचं काय होतं!

पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या रँड संस्थेचा टॅबलेट जगासमोर आला. टेबलावर आडवी ठेवलेली साधारण दहा इंच लांब-रुंद पाटी, तिच्या पृष्ठभागाखाली तारांची बारीक जाळी, इंचाला शंभर रेघा. म्हणजे दहा लाखांच्या आसपास ठिकाणं ही पाटी वेगळी ओळखू शकत होती. हात पाटीवर, नजर समोरच्या पडद्यावर. हे जमेल का, ही शंका तेव्हाही होती, पण माणसं लवकर सरावली. आज पडद्याशिवायचा टॅबलेट घ्यायला कचरणाऱ्यांची भीती हीच असते. आठवडा-दोन आठवडे रोज हात फिरवला की ती जाते, असं पोरं सांगतात.

हे यंत्र घराघरांत पोचवण्यात मोठा वाटा जपानचा. वॅकॉम कंपनी १९८३ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने वायर नसलेल्या पेनाचा टॅबलेट आणला. युक्ती छान आहे. पाटीतून चुंबकीय लहरी निघतात, पेनातलं छोटं वेटोळं त्यांतूनच शक्ती घेतं आणि उलट खूण पाठवतं. बॅटरी लागत नाही, म्हणून पेन हलकं राहतं. त्यानंतर सुरू झाली आकड्यांची शर्यत. त्यांच्याच इंट्युओस मालिकेत १९९८ मध्ये दाबाच्या १०२४ पायऱ्या होत्या, २००९ मध्ये २०४८ झाल्या आणि २०१७ मध्ये ८१९२. आता काही कंपन्या १६ हजारांच्या पुढे गेल्यात. बोटांना दोन हजार आणि आठ हजारांतला फरक कळतो, असं मला तरी वाटत नाही. पेन किती हलक्या स्पर्शाला रेघ सुरू करतं, हे तपासणं जास्त कामाचं.

आणि नस्तालीकला तर दाबाशी फारसं देणंघेणंच नाही. बोरूचं टोक तिरपं कापलेलं असतं. जाड-बारीकपणा येतो तो कोनातून आणि बोटांत बोरू किंचित फिरवण्यातून. टोकाच्या रुंदीला कत म्हणतात, सगळी मापं तिच्यावर. अलिफ साधारण तीन कत उंच. दाबानुसार जाड होणाऱ्या ब्रशने नस्तालीक लिहिलं तर ते ओघळलेल्या शाईसारखं दिसतं.

संगणकाने उर्दूला आधी हात दिला नव्हता, तयार साचे दिले होते. १९८१ मध्ये लाहोरचं 'जंग' संगणकावरच्या नूरी नस्तालीकमध्ये छापलं जाऊ लागलं. त्यातले हजारो अक्षरजोड मिर्झा अहमद जमील यांनी हाताने लिहिले होते. पुढे मुंबईच्या उर्दू दैनिकांतही कातिबांच्या जागी संगणक आले. रात्र-रात्र पानं लिहिणाऱ्या त्या मंडळींना यात काय मिळालं, हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण टॅबलेटमुळे हात पुन्हा यंत्रापर्यंत पोचलाय, हे खरं.

म्हणून तिला म्हटलं, आकडा सोड, तुझा हात बघ. ॲनिमेशनसाठी दाब लागेल, तो आता स्वस्त टॅबलेटमध्येही पुरेसा असतो. खत्तातीसाठी पेनाचा कल ओळखणारा घे. बोटांत फिरवलेलं ओळखणारी पेनंही असतात, पण ती आपल्या बजेटबाहेरची. आणि फार छोटा घेऊ नकोस. लांब कशिश मनगटातून नाही, कोपरातून येते.

मैत्रिणीचा टॅबलेट आणून तिने माझ्यासमोर 'बे' लिहिला. पहिला बिघडला. मग क्रिटा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चपटा ब्रश घेतला, त्याचा कोन बोरूसारखा तिरपा ठेवला आणि दाबानुसार जाडी बदलणं बंद केलं. चौथ्या खेपेला कशिश अशी उतरली की मी चष्मा काढून पुन्हा पाहिली.

शेवटी तिने मध्यम आकाराचा, बिनपडद्याचा टॅबलेट घेतला. उरलेल्या पैशांत पेनाची जास्तीची टोकं घेतली. खरखरीत पाटीवर ती झिजतात, आणि ही मुलगी दाबून लिहिते, हे मला पाचवीपासून माहीत आहे.