नापास औषधाने शोधलेलं कुलूप

पीएचडीचा विषय ठरवताना स्वतःला एक प्रश्न विचारून बघा: उद्या तुमचा रेणू औषध म्हणून फसला, तर हातात काय उरेल? उत्तर शोधताना कृत्रिम कॅनाबिनॉइड्सचा इतिहास वाचण्यासारखा आहे.

१९६४ मध्ये इस्राएलमधल्या राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातला नशा आणणारा घटक, टीएचसी, वेगळा करून त्याची रचना मांडली. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत केमोथेरपीच्या रुग्णांची मळमळ आणि उलट्या टीएचसीने कमी झालेल्या दिसल्या. मग औषध कंपन्या असेच रेणू प्रयोगशाळेत घडवू लागल्या. एली लिलीच्या नॅबिलोनला १९८५ मध्ये अमेरिकेत मळमळीसाठी मान्यता मिळाली.

फायझरचं लक्ष मात्र वेदनेवर होतं. त्यांच्या लेव्होनॅन्ट्राडॉलने शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं कमी व्हायचं, पण सोबत गुंगी यायची. वेदनाशमन आणि डोक्यावरचा परिणाम काही वेगळे करता आले नाहीत. औषध बाजारात आलंच नाही.

इकडे मूळ प्रश्न तसाच होता: टीएचसी काम कसं करतं? ते तेलकट असल्याने पेशींच्या स्निग्ध पटलात मिसळून परिणाम करत असेल, त्याला स्वतंत्र रिसेप्टर, म्हणजे ग्राही प्रथिन, नसेलच असं अनेकांना वाटे. तपासणंही कठीण. किरणोत्सारी खूण लावलेलं टीएचसी मेंदूच्या ऊतीत घातलं की सगळीकडेच चिकटायचं. कुलपात बसलेली किल्ली कोणती आणि भिंतीला डकलेली कोणती, कळणार कसं?

इथे फायझरच्या वेदनाशामकांच्या कुटुंबातलाच सीपी-५५,९४० हा रेणू कामाला आला. तो टीएचसीपेक्षा कमी तेलकट आणि जास्त प्रभावी. सेंट लुईस विद्यापीठात अ‍ॅलिन हाउलेट आणि त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी विल्यम डिव्हेन यांनी ट्रिटियमची खूण लावलेला तो रेणू उंदराच्या मेंदूवर वापरला. १९८८ मध्ये निष्कर्ष आला: ग्राही आहे. त्यातला पुरावा नीट समजून घ्या. या रेणूंच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या जोडीतला एक घट्ट बसायचा, दुसरा नाही. चरबीला डावं-उजवं असं कळत नाही; प्रथिनातल्या खोबणीला कळतं.

१९९० मध्ये या ग्राहीचं जनुक हाती आलं. १९९२ मध्ये डिव्हेन आणि मेशुलम यांच्या गटाने जेरुसलेममध्ये डुकराच्या मेंदूतून शरीराची स्वतःची किल्ली शोधली. तिचं नाव आनंदामाइड, आपल्या संस्कृत 'आनंद'वरून!

तेव्हा साहित्य-आढावा घेताना 'परिणामकारक, पण दुष्परिणाम जास्त' असा शेरा मारलेले जुने पेपर बाजूला टाकू नका. तो रेणू कुठे आणि किती घट्ट चिकटतो, त्याची आरशातली जोडी काय करते, हे तक्त्यात लिहून ठेवा. रुग्णासाठी निरुपयोगी ठरलेला रेणू तुमच्या प्रश्नासाठी नेमकं अवजार असू शकतो.